मळ्यातील मांजर

मळ्यातील मांजर म्हणजे शेतावरचे घर, गोठा, खळे, धान्याची कोठी व चाऱ्याची गंज यांच्या परिसरात उंदीर आणि घुशी यांचा उपद्रव आटोक्यात राहावा म्हणून ठेवलेले पाळीव मांजर होय. इंग्रजीत अशा मांजरास ‘बार्न कॅट’ म्हणतात. नाशिक परिसरात शेतातील वस्तीला ‘मळा’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यावरून प्रस्तुत लेखात ही संज्ञा वापरली आहे. हे मांजर उंबऱ्याच्या आत वाढणाऱ्या लाडक्या मांजराहून वेगळे असते, तसेच कोणाचेच नसलेल्या भटक्या मांजराहूनही वेगळे असते. त्याला मालक असतो, सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी वाटीभर दूध मिळते. उरलेले पोट ते स्वतः भरते.

मांजर ठेवल्याने उंदीर हटतात, ही समजूत सार्वत्रिक आहे. उपलब्ध अभ्यासांवरून मात्र ती अर्धीच खरी ठरते. बोकाळलेले उंदीर मांजर संपवू शकत नाही. इतर उपायांनी जागा मोकळी केल्यावर तेथे उंदीर पुन्हा वस्ती करू नयेत, यासाठी ते उपयोगी पडते. शिवाय रोगप्रसार, वन्यजीवांचे नुकसान आणि बिबट्याचा वावर असलेल्या भागात त्या प्राण्याला वस्तीकडे ओढणारे भक्ष्य, असे काही प्रश्न त्याच्याबरोबर येतात.

पार्श्वभूमी

मांजर माणसाळले ते धान्याच्या साठ्यामुळेच, असे मानले जाते. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर साठवलेल्या धान्याभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागे तेथील रानमांजर वस्तीजवळ आले. सायप्रस बेटावरील शिलूरोकांबोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. या बेटावर मांजराची मूळची जात नव्हती. अर्थात ते माणसानेच नावेतून नेले असले पाहिजे. या दृष्टीने पाहता मळ्यातील मांजर हे घरातील मांजराचे खालावलेले रूप नसून त्याचे मूळ रूप आहे.

महाराष्ट्रात धान्य साठवण्यासाठी कणगी, बळद आणि पेव अशा पद्धती होत्या. बांबूची कणगी शेणामातीने लिंपून घेतली तरी घुशीला ती भेदता येते, मातीच्या भिंतींत बिळे सहज पडतात, आणि कडब्याची गंज तर उंदरांना तयार घरच. अशा व्यवस्थेत मांजराला स्वाभाविकच स्थान मिळाले. मांजर मारल्यास काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आणि षष्ठीदेवीचे वाहन म्हणून मांजराला असलेले स्थान यांमुळे त्याला काही प्रमाणात संरक्षणही लाभले. दुसरीकडे उंदीर हे गणपतीचे वाहन. त्यामुळे उंदराला स्वतः मारण्यापेक्षा ते काम मांजराकडे सोपवणे अनेकांना सोयीचे वाटत असावे.

प्लेग आणि मांजर

मांजर पाळण्याचा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा विषय बनला तो प्लेगच्या साथीत. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली साथ पुढे पुणे, नाशिक व वऱ्हाडासह मोठ्या प्रदेशात पसरली. नाशिकजवळच्या भगूर येथे वि. दा. सावरकर यांचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये याच रोगाने दगावले. प्लेगचे जंतू उंदरावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतात, हे फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने त्यास भक्कम पुरावा दिला. उंदीर हेच मूळ असेल तर उंदराच्या शत्रूला आश्रय द्यावा, हा विचार त्यातून पुढे आला.

त्याचे सर्वांत ठळक पुरस्कर्ते वऱ्हाडातलेच होते. अमरावती येथे काम करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात मांजर हे प्लेगचे निवारक असल्याचे प्रतिपादन केले. ज्या गावांत मांजरे पुष्कळ त्या गावांत प्लेग कमी, असे त्यांचे म्हणणे होते आणि लोकांनी मांजरे पाळावीत असा त्यांचा आग्रह होता. उंदीर पकडण्याचे सापळे आणि विष यांना लोकांचा होणारा विरोध पाहता हा उपाय स्वस्त होता, आणि लोकांना रुचणाराही होता.

पुढील काळातील ज्ञानाने या मताला एक गंभीर मर्यादा घातली. मांजराला स्वतःला प्लेग होतो. आजारी उंदीर खाल्ल्याने किंवा त्याच्या पिसवा अंगावर आल्याने ते संसर्गित होते आणि चावा, ओरखडा किंवा खोकल्यातील तुषार यांवाटे माणसाला रोग देऊ शकते. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७० च्या दशकापासून अशी प्रकरणे नोंदवली गेली आहेत. म्हणजे साथ येण्यापूर्वी उंदरांची संख्या कमी राखणारे मांजर साथ आल्यानंतर स्वतःच धोका ठरू शकते.

महाराष्ट्रात हा प्रश्न १९९४ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी ग्रंथिक प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या व सोडून दिलेल्या घरांत धान्य तसेच राहिले आणि मराठवाड्यात उंदीर वाढले, असे एक कारण तेव्हा सांगितले गेले. धान्य उघडे आणि माणूस दूर, अशी स्थिती असेल तेथे मांजरांच्या भरवशावर राहता येत नाही.

शिकारीची क्षमता व मर्यादा

मांजराची उपयुक्तता प्रथम भक्ष्याच्या आकारावर अवलंबून असते. महाराष्ट्रातील मळ्यांत साधारणतः तीन प्रकारचे उंदीर त्रास देतात. घरात आढळणारी चिचुंद्रीसारखी दिसणारी पण वेगळी असलेली लहान उंदरी जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाची असते. माळ्यावर व छपरात राहणारा काळा उंदीर १०० ते २०० ग्रॅमपर्यंत भरतो. तिसरी घूस. लहान घूस २०० ते ३५० ग्रॅमची, तर मोठी घूस एक किलोच्या आसपासही पोहोचते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात केलेल्या निरीक्षणांत मांजरे मुख्यतः २०० ग्रॅमहून हलके उंदीर पकडतात, असे दिसले. हा निष्कर्ष येथे लावला तर उंदरी आणि काळा उंदीर मांजराच्या आवाक्यात येतात. बिळात धान्याचा साठा करणारी, बांध पोखरणारी पूर्ण वाढलेली घूस मात्र बहुधा त्याच्या हातून निसटते. शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान जी करते तिच्यापुढेच मांजर कमी पडावे, हा या साऱ्या विषयातला विरोधाभास आहे. चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती कीटकभक्षी असून तिच्या उग्र वासामुळे मांजर तिला मारले तरी सहसा खात नाही.

दुसरा मुद्दा संख्येचा. न्यूयॉर्कमधील कचरा प्रक्रियेच्या एका आवारात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ दिवस कॅमेऱ्यांनी पाळत ठेवली गेली. त्या काळात मांजरांनी उंदरावर दबा धरल्याचे २० प्रसंग दिसले, मारण्याचे ३ प्रयत्न झाले आणि त्यांतले २ यशस्वी ठरले. मांजरे असताना उंदीर कमी दिसले हे खरे, पण ते मेले नव्हते, लपले होते. ‘मांजर आणल्यापासून उंदीर दिसत नाहीत’ हे वाक्य मळ्यामळ्यांत ऐकू येते. त्यातील ‘दिसत नाहीत’ हे शब्द अक्षरशः घ्यावे लागतात.

तरीही मांजर निरुपयोगी ठरत नाही. इंग्लंडमधील परिस्थितिवैज्ञानिक चार्ल्स एल्टन यांनी ऑक्सफर्डशायरमधील शेतांवर केलेले काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर आजही तेच आहे. ज्या शेतावर उंदीर आधीच माजले होते तेथे मांजरांनी ते संपवले नाहीत. ज्या शेतावरचे उंदीर आधी विषाने वा सापळ्याने काढून टाकले आणि नंतर मांजरांना रोज दूध देऊन इमारतींजवळ टिकवले, तेथे उंदीर पुन्हा वस्ती करू शकले नाहीत. बाहेरून नव्या जागेत शिरणारा उंदीर एकटा असतो, त्याला बीळ नसते आणि लपण्याच्या वाटा ठाऊक नसतात. अशा वेळी मांजर त्याच्यावर मात करते. बिळांचे जाळे पसरले आणि पिलावळ वाढली की हे समीकरण उलटते.

एल्टन यांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उपाशी मांजर जास्त शिकार करते, हा समज चुकीचा आहे. मांजराची शिकारीची प्रेरणा भुकेशी पूर्णतः बांधलेली नसते. पोट भरलेले मांजरही दबा धरते. उपाशी ठेवलेले मांजर मात्र अन्नाच्या शोधात दूर भटकते आणि ज्या कोठीच्या राखणीसाठी ते ठेवले ती कोठी सोडून जाते. निव्वळ दूध-भाकरीवर मांजराचे पोषण होत नाही, कारण ते पूर्णतः मांसाहारी प्राणी असून टॉरिन नावाचा आवश्यक घटक त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावा लागतो. माळकरी घरातील मांजर ही उणीव उंदरांवर भरून काढते.

रोगांचा धोका

मांजराबरोबर येणाऱ्या रोगांत गोठ्याच्या दृष्टीने टोक्सोप्लाझ्मोसिस महत्त्वाचा आहे. या परजीवीचे लैंगिक प्रजनन केवळ मांजरकुळातील प्राण्यांच्या आतड्यात होते. प्रथम संसर्ग झालेले मांजर साधारणतः एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याच्या अंडपुटी बाहेर टाकते. एक ते पाच दिवसांत त्या संसर्गक्षम होतात आणि ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात. मांजराने कुट्टीच्या ढिगात, पेंडीच्या पोत्यांवर किंवा गव्हाणीत विष्ठा केली आणि ते खाद्य गाभण शेळी-मेंढीच्या पोटात गेले तर गर्भपात होऊ शकतो. गायी-म्हशींत हा धोका त्या मानाने कमी आहे. गरोदर स्त्रीला पहिल्यांदाच संसर्ग झाल्यास गर्भाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा पोहोचू शकते. म्हणून गर्भारपणात मांजराची घाण काढण्याचे काम दुसऱ्याने करावे आणि भाजी धुऊन घ्यावी, असा सल्ला दिला जातो. बहुतेक संसर्ग पिलांना शिकारीला लागल्यावर होतो. त्यामुळे सतत नवी पिले जन्मणाऱ्या मळ्यात हा धोका अधिक, तर एक-दोन प्रौढ व नसबंदी केलेली मांजरे असलेल्या मळ्यात कमी असतो. हाच परजीवी उंदराच्या मेंदूत शिरला की त्याची मांजराच्या वासाची भीती कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे.

रेबीज हा दुसरा धोका. भटक्या कुत्र्यांशी झुंजणारे मांजर त्याला बळी पडू शकते आणि त्याच्या चाव्याने अथवा ओरखड्याने तो माणसाला होऊ शकतो. ‘मांजराचं काय एवढं’ म्हणून चावा अंगावर काढणे प्राणघातक ठरू शकते. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच प्रतिबंधक लस सुरू करणे आवश्यक असते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या बाबतीत मांजराचा काही लाभ संभवतो, परंतु गोठ्यातील पाणी साचणे थांबवल्याखेरीज तो फारसा मोलाचा नाही.

अलीकडे बर्ड फ्लूची भर पडली आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात बाधित गायींचे कच्चे दूध प्यायलेली गोठ्यातील मांजरे मोठ्या संख्येने मेली. २०२५ च्या आरंभी नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांत एच५एन१ विषाणू आढळला. भारतातील या रोगाची पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत आली होती. कुक्कुटपालनाच्या शेडमधील मेलेली पिले मांजरापुढे टाकण्याची सवय या पार्श्वभूमीवर सोडून देणे इष्ट आहे.

विषारी आमिष आणि मांजर

उंदीरनाशक आणि मांजर एकाच वेळी वापरणे हा मळ्यांत वारंवार होणारा घोटाळा आहे. झिंक फॉस्फाइड लावलेले धान्य मांजर सहसा खात नाही. परंतु विष पोटात असलेला उंदीर त्याने खाल्ल्यास अपाय होऊ शकतो. ब्रोमॅडायोलोनसारखी रक्त गोठू न देणारी विषे अधिक घातक ठरतात, कारण ती खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत राहतो, मंदावतो आणि सहज पकडला जातो. घुबडांनाही याच मार्गाने विषबाधा होते. यास्तव आमिष ठेवल्यावर मांजराला बांधून वा कोंडून ठेवणे, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरणे आणि उपचार संपल्यानंतर काही दिवस थांबून मांजराला मोकळे सोडणे हा क्रम पाळावा लागतो. नवे मांजर आणायचे असल्यास तेही याच टप्प्यानंतर आणावे.

बिबट्या

नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात मळ्यातील मांजराचा विचार बिबट्याला वगळून करता येत नाही. नाशिकच्या सीमेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेच्या तपासणीवरून काढलेल्या वजनी हिशेबात सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा, तर सुमारे १५ टक्के वाटा मांजरांचा निघाला. म्हणजे या भागातील बिबट्याच्या आहारात कुत्र्यांच्या खालोखाल मांजराचा क्रम लागतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यात मांजराचा पाठलाग करणारा बिबट्या मांजरासह विहिरीत पडला. पाण्यातून वर निघालेल्या अरुंद कडेवर दोघे समोरासमोर उभे असल्याचे चित्रीकरण देशभर पाहिले गेले. वन विभागाने नंतर बिबट्याची सुटका केली. लोकांनी तो प्रसंग गमतीने घेतला. पण कठडा नसलेली विहीर, घराजवळ रात्री मोकळे फिरणारे मांजर आणि त्याच्या मागावर अंगणापर्यंत आलेला बिबट्या, हे तिन्ही ज्या मळ्यात आहेत तेथे लहान मुलेही असतात.

यावर एक सोपा उपाय आहे. उंदीर रात्री हिंडतात, बिबट्याही रात्रीच येतो; म्हणून मांजराला अंधार पडताच धान्याच्या कोठीत किंवा बंद गोदामात ठेवावे. ज्या जागेची राखण करायची तेथेच ते रात्रभर राहते आणि अंगणात भक्ष्य उरत नाही. संध्याकाळचे दूध कोठीतच देण्याची सवय लावली की मांजर आपणहून आत येते.

वन्य मांजरे व पक्षी

नाशिकच्या शेतांत बाऊल अर्थात रानमांजर आणि वाघाटी या दोन वन्य जाती आढळतात. दोन्ही उंदीर खातात. किंबहुना उसातील उंदरांवर त्यांचाच अंमल अधिक. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान मार्जारजातींपैकी एक असून तिचे वजन दीड किलोच्या आसपास असते. ऊसतोडीच्या वेळी तिची पिले सापडतात आणि कित्येकदा ती बिबट्याची समजली जातात, तर कधी साध्या मांजराची समजून घरी नेली जातात. दोन्ही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. पिले जागेवरच ठेवून वन विभागाला कळवल्यास त्यांची आई बहुधा त्यांना घेऊन जाते. लस न दिलेल्या मांजराकडून या वन्य जातींना रोग जाण्याची शक्यता असते. रानमांजराशी पाळीव मांजराचा संकर होतो, हेही ज्ञात आहे.

मांजर उंदरांबरोबर सरडे, पाली, लहान साप आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी मारते. चंडोल व टिटवी यांची पिले त्याला विशेष सोपी. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे. अशा पाणथळीलगतच्या मळ्यांत मांजरांची संख्या वाढू देणे अनुचित होय.

उंदीर खाणारे इतरही प्राणी मळ्यात असतात. धामण घुशीच्या बिळात शिरू शकते, जे मांजराला शक्य नाही. गव्हाणी घुबडाच्या तर मराठी नावातच गोठ्यातील गव्हाण आहे. घुबडाला अशुभ मानण्याच्या समजुतीविरुद्ध पुण्याच्या इला फाउंडेशनने पिंगोरी येथे घुबड महोत्सव भरवून जागृती केली आहे. मांजराप्रमाणे घुबडाला लस टोचावी लागत नाही. मात्र ते हवे तेव्हा आणता येत नाही, आणि धान्याच्या बंद कोठीत तर ते शिरतच नाही.

देखभाल

एका मळ्याला एक किंवा दोन मांजरे पुरतात. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते आणि वर्षात दोन-तीन वेत देते. नसबंदी न केल्यास दोनाची संख्या पाहता पाहता दहावर जाते. मग त्यांना दूध पुरत नाही, ती भटकतात आणि पिलांत पॅनल्युकोपेनियासारखे रोग पसरतात. नसबंदी केलेला बोका कमी भटकतो व कमी भांडतो. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर वर्षी द्यावी. नवे मांजर आणल्यावर दोन-तीन आठवडे कोठीत कोंडून तेथेच खाऊ घालावे. अन्यथा ते जुन्या जागेच्या शोधात निघून जाते. कुट्टी व पेंड झाकून ठेवणे आणि विष्ठेसाठी कोरड्या मातीचा एक कोपरा राखणे एवढ्याने टोक्सोप्लाझ्मोसिसचा धोका बराच घटतो.

अंबड परिसर

नाशिक शहराच्या नैऋत्येकडील अंबड हे पूर्वी शेतीचे गाव होते; जालना जिल्ह्यातील अंबड या तालुक्याच्या गावाशी त्याचा संबंध नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, सिडकोची घरे आणि मुंबई–आग्रा महामार्गालगतची वाढ यांमुळे येथील मळे आक्रसले असून गाव आता नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा परिसरात मळ्यातील मांजराचे काम संपत नाही, पण त्याचा मालक बदलतो किंवा नाहीसा होतो. कारखान्याचे गोदाम, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा साठा, कामगारांच्या उपाहारगृहामागचा कचरा या ठिकाणी उंदरांना कडब्याच्या गंजीइतकाच आसरा मिळतो. तारा कुरतडल्याने यंत्रे बंद पडण्याचा धोका असल्याने तेथेही मांजराला दूध घालणारा कोणी तरी रखवालदार असतो. लसीकरण आणि नसबंदी ही जबाबदारी मात्र कोणाचीच राहत नाही.

जमीन विकून कुटुंब सदनिकेत गेले की मांजर मागे राहण्याचा प्रसंग येतो. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असते, या समजुतीने त्याचे समर्थन केले जाते. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला योग्य कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. जागेचा ताबा देण्यापूर्वी शेजारच्या मळ्यात किंवा नव्या मालकाच्या गोदामात मांजराला कोंडून, खाऊ घालून रुळवणे शक्य असते. त्याला दोन-तीन आठवडे लागतात.